न्हाणीघरांतील किरकोळ दुःखें



मनुष्याच्या दुःखांचे मोठीं आणि किरकोळ असे दोन वर्ग पडतात. मोठ्या दुःखांना कवि आहेत, वर्तमानपत्रें आहेत, वकील आहेत, वैद्य आहेत. किरकोळ दुःखांना कोणी वाली नाहीं. तीं ज्याचीं त्यानें न्हाणीघराची कडी लावून एकट्यानेंच सोसावयाचीं असतात. आज या किरकोळ दुःखांपैकीं कांहींचा विचार आपण करणार आहों. कारण त्यांतील एक तरी दिसतें तितकें किरकोळ नाहीं, असें मला वाटतें.

पहिलें दुःख शांपूच्या पुडीचें. डोकें भिजलेलें, डोळे मिटलेले, हात ओले, आणि त्या ओल्या हातांत ती गुळगुळीत पुडी! तिच्या एका कोपऱ्यावर ‘येथें फाडा’ अशी सूचना छापलेली असते. आणि नेमका तोच कोपरा सोडून ती कोठेंहि फाटावयास तयार असते. बोटें निसटतात, नखें हरतात, शेवटीं दांत पुढें सरसावतात, आणि केसांसाठीं विकत घेतलेल्या द्रव्याची पहिली चव जिभेला मिळते.

दुसरें दुःख जुळ्या बाटल्यांचें. शांपू आणि त्याच्या मागून लावावयाचें कंडिशनर हीं दोन्हीं एकाच घाटाच्या, एकाच रंगाच्या बाटल्यांतून येतात. दोहोंतील भेद सांगणारीं अक्षरें मुंगीच्या पावलांएवढीं. ज्याला तीं वाचावयास चष्मा लागतो त्याचा चष्मा बाहेर फळीवर राहिलेला असतो. चष्मा लावून स्नान करणारा मनुष्य जगांत विरळा, ही साधी गोष्ट बाटलीवर अक्षरें छापणारास कशी सुचत नाहीं, याचें नवल वाटतें. मग कंडिशनरानें केस धुण्याचा प्रयत्न बराच वेळ चालतो, आणि फेस कां येत नाहीं म्हणून मनुष्य आणखी दोन वेळां तेंच ओततो.

तिसरें दुःख दाबून द्रव्य काढण्याच्या बाटलीचें. तिची नळी तळापर्यंत पोंचत नाहीं, त्यामुळें पैसे दिलेल्या द्रव्याचा शेवटचा भाग डोळ्यांना दिसतो पण हाताला लागत नाहीं. घरांतील काटकसरी माणूस बाटली उलटी करून भिंतीला टेकवून ठेवतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर तींत पाणी घालून ती खळखळ हालवितो. असें पातळ केलेलें द्रव्य लौकर संपवावें हें बरें. कारण पाण्यानें त्यांतील टिकाऊपणाचें औषधहि पातळ होतें आणि तें नासूं शकतें.

चौथें दुःख साबणाच्या झिजलेल्या तुकड्याचें. त्या पापुद्र्याएवढ्या तुकड्यानें अंग घांसतां येत नाहीं, आणि तो टाकून देण्यास मन घेत नाहीं. म्हणून तो नव्या वडीला चिकटविण्याचा विधि घरोघर होतो. संध्याकाळपर्यंत तें लग्न टिकतें. सकाळीं पाहावें तों तुकडा मोरींत.

हीं चारहि दुःखें हंसून घालविण्यासारखीं आहेत. परंतु पांचवें एक दुःख असें आहे कीं, त्यानें घरांत अबोला येतो, पैशांचा चुराडा होतो आणि वयांत आलेल्या मुली आरशापुढें रडतात. तें दुःख म्हणजे, कितीहि साबण घांसला तरी फेस येत नाहीं, आणि कितीहि महागाचा शांपू आणला तरी केस राठच राहतात.

आपल्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला औरंगाबाद म्हणत त्या शहरांत, ही तक्रार कोणत्याहि चाळींत, कोणत्याहि बंगल्यांत कानावर पडते. नवी सून म्हणते, “आई, माहेरीं माझी वेणी अशी नव्हती हो. येथें आल्यापासून केसांचा नुसता काथ्या झाला.” सासूबाई म्हणतात, “डोक्याला तेलाचें बोट लावायचें नाहीं, मग दुसरें काय होणार?” कर्ता पुरुष बाटलीवरची किंमत वाचून म्हणतो, “एवढे पैसे घालून जर हीच गत, तर साधा साबण काय वाईट होता?” आणि धाकटी मुलगी कोणाशींहि न बोलतां फणींतले केस मोजीत बसते. सुनेचा आळस, तेलाचा अभाव, बाटलीचा खोटेपणा, आणि आजीकडून आलेलें रक्त, असे चार आरोपी या खटल्यांत उभे केले जातात. पांचवा आरोपी सर्वांच्या डोळ्यांदेखत बादलींत भरलेला असतो. त्याच्यावर मात्र कोणी आरोप ठेवीत नाहीं.

हा आरोपी म्हणजे पाणी. शाळेंतील रसायनशास्त्राच्या पुस्तकांत पाण्याचे सुफेन आणि दुष्फेन असे दोन प्रकार आपण सर्वांनीं पाठ केले आहेत, आणि परीक्षा संपतांच विसरलों आहों. ज्या पाण्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार फार, त्यांत साबणाला फेस येत नाहीं. लोक त्याला जड पाणी म्हणतात. आपलें दख्खनचें पठार बेसाल्ट नांवाच्या काळ्या, अग्निजन्य खडकाचें आहे. पावसाचें पाणी त्याच्या भेगांतून झिरपतां झिरपतां खडकांतील हीं द्रव्यें आपल्यांत विरघळवून घेतें, आणि जितका काळ तें खडकाच्या संगतींत राहील तितका त्यांचा भार बहुधा वाढत जातो. आपण जेव्हां अंगणांत खोल बोअर घेऊन त्यांतून पाणी उपसतों, तेव्हां खडकाचा अंशच बादलींत घेत असतों. उलट धरणांत सांठलेलें पावसाचें व नदीचें पाणी बोअरच्या मानानें सामान्यतः हलकें असतें. जिचें माहेर कोंकणांतलें, तेथें तर भरपूर पाऊस आणि जांभ्या दगडाची भूमि. त्या भागांतील विहिरींचें पाणी बहुतेक हलकेंच असतें. तेव्हां सुनेची तक्रार खोटी नव्हती, आणि सासूबाईंच्या तेलानें ती मिटणारीहि नव्हती.

साबण आणि जड पाणी यांची गांठ पडली म्हणजे काय घडतें, तें पाहण्यासारखें आहे. साबण हा तेलांतील आम्ल आणि सोडा यांच्या संयोगानें बनतो, आणि तो पाण्यांत विरघळतो. परंतु पाण्यांत कॅल्शियम असलें कीं तें सोड्याला बाजूला सारून त्याची जागा घेतें. आणि हा नवा संयोग पाण्यांत विरघळत नाहीं. त्याचा पांढुरका, चिकट साका होतो. बादलीच्या कडेला बसणारी राख-रंगाची रेघ, फरशीवरचा बुळबुळीत थर, तांब्याच्या आंतील खरखरीत कड हें सर्व त्याचेंच वैभव. हाच साका केसांवर बसतो. मग केस चिकट तरी लागतात, राठ तरी लागतात, आणि फणी अडते. पाण्यांतील सगळें कॅल्शियम असें बांधलें गेल्यानंतर जो साबण उरेल त्याचाच फेस. म्हणजे वडीचा कांहीं भाग आपण अंग धुण्यासाठीं नव्हे, तर पाणी हलकें करण्यासाठींच खर्च करीत असतों.

शांपूचें रसायन निराळें आहे. १९३० नंतरच्या दशकांत युरोप-अमेरिकेंत साबणाऐवजीं कृत्रिम क्षालक द्रव्यें घातलेले शांपू निघूं लागले. त्यांचा कॅल्शियमशीं असा साका होत नाहीं, म्हणून जड पाण्यांतहि ते बऱ्यापैकीं फेसाळतात. तरी पाण्यांतील खनिजें केसांवर थोडीं बसतातच, आणि वाळल्यावर केस कोरडे व निस्तेज वाटतात.

आपल्या घरचें पाणी कसें आहे, हें पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. कांचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्याव्या. एकींत पावसाचें स्वच्छ पाणी, दुसरींत बोअरचें पाणी सारख्या मापानें भरावें. अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस प्रत्येकींत टाकून बूच लावावें आणि दोन्ही बाटल्या सारख्याच वेळ हालवाव्या. एकींत फेसाची टोपी उभी राहील. दुसरींत पाणी दुधाळ होऊन वर मळी तरंगेल. हा देखावा एकदां सासूसुनांनीं मिळून पाहिला, तर पुष्कळ घरांतील तंटा त्या दिवशीं संपेल. ज्यांना नेमका आंकडा हवा त्यांनीं पाण्याची तपासणी करून घ्यावी. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याविषयींच्या मानकांत ही जडता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य धरली आहे. दुसरें पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावें, असें म्हटलें आहे. ही मर्यादा पिण्यासाठीं आहे, परंतु आपलें पाणी कोणत्या पायरीवर उभें आहे, हें त्यावरून कळतें.

येथें कोणी म्हणेल, “केसांची एवढी चर्चा कशाला? हा नुसता नखरा आहे.” त्यांना माझें उत्तर आपल्या शहरापासून सुमारें शंभर किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत पांचव्या शतकांतील चित्रकारानें हातांत आरसा घेऊन प्रसाधन करणारी राजस्त्री रंगविली आहे. जेथें बुद्धाच्या जन्मकथा भिंतींवर उतरल्या, तेथें आरसा आणि वेणीफणी यांनाहि जागा मिळाली. वात्स्यायनानें कामसूत्रांत नागरकाची दिनचर्या सांगतांना नित्य स्नान, एक दिवसाआड अंगमर्दन आणि दर तिसऱ्या दिवशीं ‘फेनक’, म्हणजे फेस आणणारें द्रव्य, अशी व्यवस्था लावून दिली आहे. फेसाची हौस ही कांहीं कालपरवांची नव्हे. स्वच्छ अंगानें व नीटनेटक्या केसांनीं चार माणसांत जावें, ही इच्छा मनुष्याच्या स्वाभिमानाचा भाग आहे. तिला नखरा म्हणून हिणविणें सोपें असतें, विशेषतः ज्यांचे केस चांगले आहेत किंवा मुळींच उरलेले नाहींत त्यांना.

आपल्या आजीबाई शिकेकाईनें न्हात. शिकेकाईंत आणि रिठ्यांत सॅपोनिन नांवाचीं फेस आणणारीं नैसर्गिक द्रव्यें असतात. जड पाण्यांत त्यांचा साबणासारखा साका होत नाहीं. शिकेकाई किंचित् आम्लहि आहे. विहिरीच्या पाण्यानें न्हाणाऱ्या बायकांनीं साबणाऐवजीं ती पसंत केली, यांत केवळ रूढि नव्हती; अनुभवाचें शहाणपण होतें. दिवाळीच्या अभ्यंगांत अंगाचें तेल काढावयास उटणें, आणि एरवीं डाळीचें पीठ, हीहि त्याच शहाणपणाची दुसरी बाजू. परंतु म्हणून जुनें तें सर्व सोनें, असा निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. शिकेकाई डोळ्यांत गेली म्हणजे लहान मुलें कशीं किंचाळत, हें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना विचारा. ती वाळवावयाची, नागरमोथा आणि संत्र्याची साल घालून कुटावयाची, चाळावयाची, उकळावयाची आणि गाळावयाची. हें सारें कोण करी? घरांतील बाईच. बंब पेटविणें, घंगाळांत पाणी विसण करणें आणि चार पोरांना क्रमानें न्हाऊं घालणें, यांत तिची सबंध सकाळ जाई. पुडींतल्या शांपूनें ती सकाळ तिला परत दिली. हे त्याचे उपकार मान्य केले पाहिजेत.

हा शांपू शब्द मूळचा आपल्याच देशांतला. हिंदींतील ‘चांपो’, म्हणजे चेपा, मालिश करा, यावरून तो इंग्रजींत गेला. पाटण्याकडचे दीन महंमद यांनीं १७९४ मध्यें इंग्रजींत आपलें प्रवासवृत्त प्रसिद्ध केलें, आणि पुढें इंग्लंडांतील ब्रायटन येथें वाफेच्या स्नानाचें व मर्दनाचें घर चालवून असें नांव मिळविलें कीं, राजा चौथा जॉर्ज यानेंहि त्यांना आपल्या सेवेंत नेमिलें. चेपणाऱ्या हातांचें नांव पुढें बाटलींतल्या द्रव्याला मिळालें, आणि तें द्रव्य बोटींत बसून आपल्याकडे परत आलें. पुष्कळ वर्षें तें श्रीमंतांच्याच फळीवर होतें. तमिळनाडूंतील कडलूर येथील चिन्नी कृष्णन् यांनीं तें लहान पुडींत विकण्याची युक्ति रूढ केली. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन् यांनीं १९८३ मध्यें ‘चिक’ शांपू काढून ती गांवोगांव नेली. शंभर रुपयांची बाटली जिला परवडत नव्हती ती मोलकरीणहि लग्नकार्यापूर्वीं एक पुडी घेऊन केस धुऊं लागली. पुडी फाटत नाहीं म्हणून आपण चिडतों खरे. पण तिनें न्हाणीघरांतील एक पंक्तिभेद मोडला, हें विसरूं नये. तिचा दोष निराळा आहे. प्लॅस्टिकच्या अनेक थरांची ती पुडी कुजत नाहीं, तिचा पुन्हां उपयोग करणेंहि कठीण, आणि मोरीच्या तोंडाशीं अडकून ती पाणी तुंबविते.

आतां बाजाराच्या दोन-तीन खुणा गृहिणींनीं ध्यानांत ठेवाव्या. शांपू जितका दाट तितका कसदार, ही समजूत निराधार आहे. पुष्कळ शांपूंत दाटपणा आणावयास साधें मीठ पुरतें. फार फेस म्हणजे फार स्वच्छता, हीहि तशीच. साबणाच्या वेष्टनावर काय लिहिलें आहे तें वाचावें. ‘टॉयलेट सोप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पहिल्या प्रतीच्या साबणांत तेलकट द्रव्याचा अंश शेंकडा ७६ तरी असावा लागतो. ‘बेदिंग बार’ असें लिहिलेल्या वडींत शेंकडा ४० चालतो. दुसरी वाईटच असें नव्हे, परंतु दोन्हींची किंमत सारखी मोजण्याचें कारण नाहीं. पूर्वीं साबणाच्या वड्यांचीं वजनें कायद्यानें ठरलेलीं असत. २०२१ मध्यें केलेल्या दुरुस्तीनें तें बंधन गेलें, आणि त्याऐवजीं वेष्टनावर ग्रॅममागें किंमत छापण्याचा नियम आला. वडी हळूच पातळ झाली आहे काय, हें हाताला कळण्यापूर्वीं त्या बारीक आंकड्यावरून कळतें. फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा दूरध्वनि आहेच. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, आपल्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणें सौंदर्यप्रसाधन हें स्वच्छ करण्यासाठीं, शोभा आणण्यासाठीं किंवा रूप पालटण्यासाठीं असतें. रोग बरा करणें हें त्याचें काम नव्हे. जाहिरातींतील केसांचा धबधबा पाहतांना ही व्याख्या आठवावी.

कारण केस गळण्याचें भय हें बाजाराचें मोठें भांडवल आहे. मनुष्याच्या डोक्यावर सुमारें एक लक्ष केस असतात, आणि निरोगी माणसाचेहि रोज पन्नास ते शंभर गळतात. त्यांच्या जागीं नवे येतात. दोन दिवसांआड न्हाणाऱ्या मुलीच्या फणींत ते एकदम दिसतात, म्हणून ती घाबरते. मोठा ताप, बाळंतपण किंवा मनाला बसलेला धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनीं केस अधिक गळतात, आणि बहुधा आपोआप पूर्ववत् होतात. करोनाच्या सांथीनंतर हा अनुभव अनेकांना आला. जड पाण्यानें केस कोरडे आणि राठ होतात हें खरें. त्यानेंच टक्कल पडतें, असें म्हणण्याजोगा पुरावा मात्र नाहीं. डोक्यावर चकत्या पडल्या, भांग रुंद होत चालला, किंवा केसांबरोबर थकवाहि वाढला, तर बाटली बदलूं नये, डॉक्टर गांठावा. रक्त कमी असल्याचें निदान कित्येकदां फणीवरूनच सुरू होतें.

येथवर आपण पाण्याच्या गुणाविषयीं बोललों. परंतु आपल्या शहरांत पाण्याचा गुण हा त्याच्या परिमाणाशीं बांधलेला आहे. बाटलीवर सूचना असते: केस भरपूर पाण्यानें धुवा, आणि हीच क्रिया पुन्हां करा. ही सूचना लिहिणाऱ्याच्या घरीं नळ अखंड वाहत असला पाहिजे. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या अनेक वसाहतींनीं नळाचें पाणी आठवड्यांतून एकदां, कधीं त्याहूनहि उशिरां पाहिलें आहे. मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकर. ज्या दिवशीं नळ येतो त्या दिवशीं केस मऊ, आणि ज्या दिवशीं बोअर लावावा लागतो त्या दिवशीं काथ्या; आणि आपण त्याचा दोष आठवड्याला बदललेल्या शांपूवर ठेवतों!

या शहराचा इतिहास म्हणजे पाण्याच्या योजनांचाच इतिहास आहे. मलिक अंबरानें १६१० मध्यें येथें खडकी वसविली, आणि उत्तरेकडील डोंगराळ भागांतून जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी पाजलें. अठराव्या शतकांतील पाणचक्की त्याच धर्तीच्या नहरीच्या पाण्यावर फिरली, आणि आजहि तेथील भिंतीवरून कोसळणारी धार प्रवासी कौतुकानें पाहतात. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्यें बसली आणि तें १९७६ मध्यें राष्ट्राला अर्पण झालें. गोदावरीचा एवढा मोठा नाथसागर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर उभा आहे. आणि तरी शहराला नळाची वाट पाहावी लागली. डिसेंबर २०२० मध्यें १६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेची पायाभरणी झाली, ती या वाट पाहण्यामुळेंच.

ही वाट घरांत कोण पाहतें? पाण्याची वेळ मध्यरात्रीची असली तर गजर कोण लावतें, पिंपें कोण भरतें, कोणत्या बादलींत नळाचें आणि कोणत्या पिंपांत बोअरचें, याचा हिशेब कोण ठेवतें? आणि सर्वांचीं स्नानें आटोपल्यावर उरलेल्या अर्ध्या बादलींत कोण न्हातें? जिचे केस सर्वांत लांब, तिच्याच वांट्याला बहुधा सर्वांत थोडें आणि सर्वांत जड पाणी येतें. आणि केस बिघडले म्हणजे त्याचा ठपकाहि तिच्यावरच.

मुंबईस गोरेगांवच्या मृणाल गोरे यांनीं पाण्यासाठीं बायकांना संघटित केलें, तेव्हां लोकांनीं त्यांना ‘पाणीवाली बाई’ असें नांव दिलें. ज्या गोष्टीला घरोघरची बाई आपलें खासगी रडगाणें समजत होती, ती सर्वांची मिळून एक सार्वजनिक गोष्ट आहे, हें त्यांनीं ओळखलें. न्हाणीघरांतील फेसाच्या तक्रारीचीहि जात हीच आहे. बाजार ती प्रत्येकाला निरनिराळी करून विकतो. तुझे केस कोरडे, तुझे तेलकट, तुझे दुभंगलेले, अशी विभागणी करून प्रत्येकाच्या हातीं निराळी बाटली देतो. पण एका बोअरवर न्हाणाऱ्या एका इमारतींतील चोवीस बिऱ्हाडांना चोवीस बाटल्या कशाला? त्यांचें दुखणें बहुतांशीं एकच आहे.

म्हणून करावयाचें काय, तेंहि थोडक्यांत सांगतों म्हणजे तक्रार नुसतीच राहणार नाहीं. इमारतीच्या मंडळानें बोअरच्या पाण्याची वर्षांतून एकदां तपासणी करून जडतेचा आंकडा जिन्यांतील फळ्यावर लिहावा. नव्यानें राहावयास आलेल्या बिऱ्हाडाला तो पहिल्याच दिवशीं कळूं द्यावा. केस धुण्याचा दिवस शक्य तर नळाच्या दिवशीं ठेवावा. तें न जमलें, तर निदान शेवटचे दोन तांबे सांठविलेल्या नळाच्या पाण्याचे घ्यावे. पावसाळ्यांत गच्चीवरचें पहिलें पाणी जाऊं देऊन नंतरचें स्वच्छ पाणी धरावें; न्हाणासाठीं त्यासारखें दुसरें पाणी नाहीं. पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून जें टाकाऊ पाणी बाहेर येतें तें मूळ पाण्याहूनहि जड असतें. काटकसर म्हणून तें फरशीला वापरावें, डोक्याला नव्हे. शॉवरचीं छिद्रें बुजलीं असतील तर त्याची चाळणी रात्रभर व्हिनेगरमध्यें बुडवून ठेवावी, क्षार सुटतात. आणि बाटल्या काढणाऱ्यांना एवढीच विनंति कीं, शांपू आणि कंडिशनर या दोहोंच्या झांकणांना तरी निरनिराळे रंग द्यावे.

राहतां राहिली ती फणींतले केस मोजणारी धाकटी मुलगी. तिला नवी बाटली आणून देण्यापूर्वीं त्या दोन कांचेच्या बाटल्या तिच्याच हातानें भरवून, तिलाच हालवावयास सांगाव्या. दुधाळ पाण्यावर तरंगणारी मळी पाहून तिला जें कळेल तें तिच्या कामास पडेल: आपण कुरूप नाहीं, आळशी नाहीं, आपल्या बादलींत खडक विरघळला आहे.